काळा कापूस

"नाव काय जी बाई तुमचं?" अब्बांनी विचारलं, आणि हार घेऊन वर उचललेले कहकशाँचे हात तसेच हवेत राहिले. झेंडूचा हार होता, सकाळीच घेतलेला, अजून ओला. त्याचं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत आलं तेवढ्या वेळात तिला कळलं की अब्बा आपल्याशी मराठीत बोलले. घरात सगळे हिंदीच बोलत. मराठी ही अब्बांची दुकानातली भाषा होती, जुन्या गाद्या पिंजून घ्यायला येणाऱ्या बायकांशी बोलायची, आणि त्या भाषेत त्यांचा आवाजही निराळा व्हायचा, जरा वाकलेला, गोड, समोरच्याचं सगळं आधीच कबूल करून टाकणारा. तो आवाज तिने लहानपणापासून भिंतीपलीकडून ऐकला होता. तिच्याकडे तोंड करून तो आज पहिल्यांदा आला. झरपट नदीच्या काठावर, केशरी टोप्या घातलेली माणसं भोवती गोल करून उभी असताना, सोबतची करिश्मा मोबाइलवर व्हिडिओ काढत असताना.

"कहकशाँ," ती म्हणाली.

"बढिया नाव हाय. अर्थ काय होते जी त्याचा?"

"आकाशगंगा."

"वा," अब्बा म्हणाले आणि त्यांनी मान खाली केली, हार घालणारीला सोपं जावं म्हणून.

तिने हार घातला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अब्बांच्या मानेवर, कॉलरच्या आत, नेहमीसारखी कापसाची कुसं चिकटलेली होती आणि ती काढायला तिची बोटं सवयीने पुढे गेली. गेली आणि तिने ती मागे घेतली. हे नाव अब्बांनीच ठेवलेलं. दादीला नातीचं नाव हसीना ठेवायचं होतं, पण कापूस पिंजता पिंजता अब्बांनी कधीतरी रेडिओवर तो शब्द ऐकला होता, मशिदीतल्या एका बुजुर्गांना त्याचा अर्थ विचारून आले होते, आणि अम्मी सांगायची की मग कितीतरी दिवस दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते तो अर्थ सांगत सुटले होते. तोच अर्थ आज त्यांनी तिला विचारला होता. इतकं पुढे जायची काही गरज नव्हती. नुसतं गप्प राहिले असते तरी चाललं असतं. पण अब्बा एकदा कामाला लागले की अर्धवट सोडत नसत. अनोळखी माणूस व्हायचं ठरवल्यावर ते पुरते अनोळखी झाले.

हार घालायची कल्पना तिचीच होती. नदी साफ करणाऱ्या त्यांच्या मंडळाच्या ग्रुपवर तिने लिहिलं होतं की काठावर घाण टाकणाऱ्यांशी भांडू नये, त्यांना हार घालावा, हात जोडावेत, म्हणजे माणूस आपोआप लाजेल. धनराजभाऊंनी त्यावर खूप कौतुक केलं होतं. धनराजभाऊ वीज केंद्रातून निवृत्त झालेले, स्वतःच्या खर्चाने फावडी आणि हातमोजे आणणारे, कमरेइतक्या पाण्यात उतरून जलपर्णी ओढणारे. त्यांनी कौतुक केलं की कहकशाँला दिवसभर हलकं वाटायचं. कॉलेजच्या ऑफिसात फी भरून घेण्याच्या कामात असं काही वाटत नसे. नदीवर वाटायचं. गाळात पाय घोट्यापर्यंत रुतलेले, नाकाला रुमाल बांधलेला, हातात चिंध्यांचा ओला लगदा, आणि शेजारी निशाताई, करिश्मा, कुणी वकील, कुणी मास्तर, सगळे सारखेच चिखलाने माखलेले. त्या चिखलात कोण कुठल्या गल्लीतून आलं हे दिसायचं नाही. पहिल्या दिवशी पोहे खाताना करिश्माने विचारलं होतं, पप्पा काय करतात गं तुझे, आणि ती म्हणाली होती, फर्निशिंगचा बिझनेस आहे. खोटं नव्हतं ते. तरी तो शब्द उच्चारताना तिच्या जिभेला काहीतरी लागलं होतं, पिठातला खडा लागावा तसं.

आणि जुन्या गाद्यांतला काळा कापूस अब्बा इथेच आणून टाकतात हे तिला ठाऊक होतं. नवीन कळलेलं नव्हतं, कायमचंच ठाऊक होतं. पिंजून पिंजून ज्याचा दोरा तुटला, ओल लागून जो काळा पडला, तो कापूस कुणी परत घेत नाही. कुणाच्या घरी म्हातारं माणूस गेलं की त्याच्या अंगाखालची गादी आणून देतात आणि म्हणतात, याचं काय करायचं ते करा. घंटागाडीवाला तो घेत नाही, गाडीत जागा नाही म्हणतो. जाळला तर गल्लीभर धूर होतो आणि शेजारी भांडायला येतात. मग गोणीत भरून, सायकलच्या कॅरियरला बांधून, झरपट. लहान असताना ती त्या गोणीवर बसून यायची. गोणी गुबगुबीत असायची आणि खड्ड्यांतून सायकल गेली तरी काही लागायचं नाही. अब्बा काठावर गोणी उलटी करायचे आणि कापूस पाण्यावर पसरत जायचा, हळूहळू भिजत, काळा होत, बुडत, आणि ती टाळ्या पिटायची. मंडळात यायला लागल्यावर काठावर असला कापूस सापडला की ती चटकन स्वतःच उचलायची, दुसऱ्या कुणी तो काय आहे म्हणून विचारायच्या आत. घरी मात्र तिने अब्बांना, टाकू नका, असं कधीच म्हटलं नाही. ती एवढंच म्हणाली होती, इतवार को मत जाना अब्बा. अब्बांनी तेव्हा तिच्याकडे नीट पाहिलं होतं आणि म्हणाले होते, हौ. कारण विचारलं नव्हतं. ते रविवारी कधी गेले नाहीत. आजचा दिवस शुक्रवार होता. दोन ऑक्टोबरची सुट्टी म्हणून मंडळाने या वेळी रविवारऐवजी आज मोहीम ठेवली, आणि शुक्रवारी दुकान बंद असतं म्हणून अब्बा सकाळीच गोणी घेऊन निघाले. त्यांना सांगायचं ती विसरली होती. एवढंच झालं होतं.

"काकाजी, घरचा कचरा हाय का हा?" हाराच्या आधी धनराजभाऊंनी नम्रपणे विचारलं होतं.

"नाई जी. धंद्यातला हाय. गादीवाला हाय मी." अब्बांनी चप्पल काढून ठेवली होती, का कोण जाणे. धनराजभाऊंपाशी केशरी टोपी होती आणि शिट्टी होती, म्हणून असेल. "चुकलं माह्यं. तुमी लोकं एवढं चांगलं काम करून राह्यले, अन् मी इथी घाण टाकतो. शरम वाटते जी मले."

हे बोलताना ते हसत होते. तिच्याकडे त्यांनी एकदाच पाहिलं, अगदी सुरुवातीला, गोणीचं तोंड सोडताना शिट्टी वाजली तेव्हा. त्या एका नजरेत काय होतं ते ती नंतर पुन्हा पुन्हा आठवून पाहत राहिली. राग नव्हता त्यात. धक्काही नव्हता. दुकानात दोन गिऱ्हाइकं एकदम आली की आधी कुणाला बोलवायचं हे ठरवताना ते पाहत, तसं काहीसं होतं. त्यांनी ठरवलं. आणि तिने ठरवू दिलं. तिला वेळ होता. निशाताईंनी तिच्या हातात हार दिला, तू घाल, कल्पना तुझी आहे म्हणाल्या, तेव्हा होता. गोल ओलांडून जाताना चार पावलं होती. "हे माझे अब्बा," हे तीन शब्द तिच्या तोंडात तयार होते, आणि तिने ते गिळले.

अब्बांनी काठावर सांडलेला कापूस स्वतःच पुन्हा गोणीत भरला, गोणी उचलून मंडळाच्या ट्रॉलीत नेऊन ठेवली, सगळ्यांना हात जोडले आणि सायकल ढकलत चढ चढले. हार गळ्यात होता. ते तो केव्हा काढतात हे ती पाहत राहिली. ते वळणापर्यंत गेले, पठाणपुरा गेटकडे वळले, दिसेनासे झाले, पण तोवर त्यांनी हार काढला नाही. मग सगळे पोहे खायला बसले आणि तीही बसली. धनराजभाऊ म्हणत होते, असा माणूस पाहिजे, चुकला तर कबूल करणारा. पोह्यांवर कच्चा कांदा होता, लिंबू होतं, आणि तिला इतकी भूक लागली होती की तिने दुसऱ्यांदा घेतले. त्या भुकेची लाज तिला पुढे बाकीच्या सगळ्यापेक्षा जास्त वाटत राहिली. माणसाला धरणी फाटावी असं वाटतं म्हणतात. तिला पोहे हवे होते.

घरी जायचं तिने लांबवलं. उगाच जटपुऱ्याकडे गेली, दुकानांच्या काचांत पाहत उभी राहिली. केसांतून हात फिरवायची तिची सवय जुनी होती, शाळेपासूनची. घरच्या हवेतच कापूस असायचा. डाळीत पडायचा, वह्यांत दाबला जायचा, आणि अम्मी कितीही विंचरू दे, शाळेत पोचेपर्यंत तिच्या वेणीत दोनचार पांढरी कुसं राहिलेलीच असायची. वर्गातल्या पोरी तिला बुढ्ढी म्हणत. मग ती शाळेच्या फाटकाशी थांबून, कुणाच्या तरी खिडकीच्या काचेत पाहून, एकेक कूस काढून टाकायची, आणि एकदा तशी उभी असताना अब्बा सायकलवरून समोरून गेले होते. थांबले नव्हते. घंटीही वाजवली नव्हती. तेव्हा तिला वाटलं होतं त्यांनी पाहिलं नाही. आज जटपुऱ्याच्या काचेपुढे उभं असताना तिला वाटलं की त्यांनी पाहिलं असावं. कदाचित ओळख न दाखवण्याचा त्यांचा हा सराव फार जुना असावा.

घरी पोचली तेव्हा व्हिडिओ तिच्या आधी पोचला होता. करिश्माने त्याच्यावर एक गाणं टाकलं होतं, त्यामुळे बोलणं ऐकू येत नव्हतं, आणि हार घालणारी पाठमोरी होती, केशरी टोपी आणि दोन हात एवढंच. मान वाकवलेले, हसणारे अब्बा मात्र लख्ख दिसत होते. अकरम, तिचा धाकटा भाऊ, मोबाइल अम्मीच्या तोंडासमोर धरून उभा होता. "देखो, अब्बा का तमाशा बनाया है! मैं जा रहा उनके पास. कौन है ये, मैं देखता." अम्मी भेंडी चिरायची थांबली होती. अब्बा जुम्म्याची नमाज पढून येऊन खाटेवर बसले होते, डोक्यावर अजून टोपी होती.

"जाने दे रे," ते म्हणाले. "भले लोग थे. पोहे खाने भी बुला रहे थे."

"तू भी तो जाती ना नदी पे?" अकरम तिच्याकडे वळला. "तू थी क्या वहाँ?"

तिने तोंड उघडलं. काय बोलणार होती ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही, कारण अब्बांनी तिच्या आधी उत्तर दिलं. "ये उधर थी, पुल के पास. दूर. इसको क्या मालूम." आणि मग अम्मीला म्हणाले, "सईदा, इसको खाना दे. सुबह से भूखी होगी."

ती जेवलीही. तोंडातला घास फिरत होता पण ती जेवली, कारण पोहे खाऊन आले असं सांगायचं म्हणजे बोलणं पुन्हा नदीवर गेलं असतं. संध्याकाळपर्यंत व्हिडिओखाली लोकांनी लिहायला सुरुवात केली. कुणी लिहिलं, हा तं गादीवाला खुर्शीद हाय, आमच्या लग्नातल्या गाद्या यानंच भरल्या. कुणी हसण्याची चिन्हं टाकली. आणि एकाने लिहिलं की या लोकांना स्वच्छता कधी कळलीच नाही. 'या लोकांना' हे दोन शब्द ती कितीदा वाचत राहिली. धनराजभाऊंनी लगेच ग्रुपवर लिहिलं की असलं बोलणं आपल्याला चालणार नाही, करिश्मा, ते काढून टाक, आणि सगळ्यांनी त्यांच्या लिहिण्याखाली अंगठे दाखवले. तिनेही दाखवला. अंगठा पडद्यावर उमटला आणि बाकीच्या अंगठ्यांत मिसळून गेला, आणि तिच्या मनात आलं, आपण या दोन शब्दांत येतो की येत नाही? सकाळी टोपी घालून उभी होती तेव्हा येत नव्हती. अब्बा एकटेच येत होते. त्यांना त्यात एकटं सोडून ती गोलाच्या दुसऱ्या बाजूला उभी होती.

पुढचे दिवस अब्बा नेहमीसारखेच वागले, आणि तेच तिला सोसवेना. एकदा तरी त्यांनी ओरडावं, ताट सरकवावं, निदान अबोला धरावा. ते तिला सकाळी चहा विचारत होते, ऑफिसला जाताना सायकलमध्ये हवा आहे का पाहत होते. फक्त कापूस नेणं त्यांनी थांबवलं. काळ्या कापसाच्या गोण्या आता मागच्या दाराशी एकावर एक चढत होत्या, आणि अम्मी कुरकुरत त्यांच्या बाजूने अंग चोरून न्हाणीत जात होती. त्या गोण्या पाहिल्या की कहकशाँला वाटे, आता बोलावं. अब्बा, उस दिन, असं सुरू करावं. पण सुरू केलं की त्यांनी केलेलं सगळं उसवून हातात यायचं. त्यांनी इतक्या काळजीने शिवलेलं. म्हणून ती बोलत नव्हती, असं ती स्वतःला समजावत होती, आणि समजावताना तिला हेही दिसत होतं की हे समजावणं फार सोयीचं आहे.

मग मंडळाचा वार्षिक कार्यक्रम ठरला. नदीकाठीच मांडव, शाळेतल्या पोरांची चित्रं, रोपांचं वाटप. धनराजभाऊंच्या मनात आलं की त्या गादीवाल्या काकाजींना बोलवावं, त्यांच्या हस्ते एक झाड लावावं. "त्यायले परत सन्मानानं बोलवू," ते म्हणाले. "व्हिडिओत लोकं त्यायले हसले, ते मले काही बरं नाई वाटलं." खरोखरच त्यांना बरं वाटलेलं नव्हतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पत्ता करिश्माने शोधून काढलेला होता. "कहकशाँ, चल तू माझ्यासोबत. तूच हार घातला होता, तूच बोलव." आणि ती करिश्माच्या स्कूटीवर मागे बसून, अनोळखी असल्यासारखी, स्वतःच्या गल्लीकडे निघाली. कोपऱ्यावर करिश्माने पानठेलेवाल्याला विचारलं, खुर्शीदभाईंचं दुकान कुठी आहे. पानठेलेवाल्याने करिश्माकडे पाहिलं, मग मागे बसलेल्या कहकशाँकडे पाहिलं, आणि हाताने दाखवलं. वाटेत तिला भीती वाटायला हवी होती. तशी फारशी वाटत नव्हती. अब्बा सांभाळून घेतील, असा तिच्या पोटात कुठेतरी भरवसा होता, आणि तो भरवसा सापडताच तिला स्वतःच्या अंगाचा वास यावा तसा त्याचा वास आला.

अब्बांनी सांभाळून घेतलं. "या जी बाई, या," ते दोघींना सारखंच म्हणाले. पिंजायचं मशीन बंद करून त्यांनी दोन स्टुलं फडक्याने पुसली, कापसाचा ढीग पायाने मागे सारला. अम्मीने भरून दिलेल्या थर्मासमधून चहा ओतला, घरच्याच कपांत. तिला त्यांनी कान तुटलेला कप दिला नाही, तो स्वतःकडे ठेवला. पाहुण्यांपुढे ठेवतात तसं त्यांनी तिच्यापुढे बिस्किट ठेवलं. ती चहा पीत होती. चहात साखर कमी होती, तिला लागते तशी, आणि करिश्मा म्हणाली, काकाजी, थोडी साखर आहे का? मग करिश्माने कार्यक्रमाचं सांगितलं. झाड लावायचं, दोन शब्द बोलायचे, सगळ्यांना तुम्ही फार आवडलात.

अब्बांनी कहकशाँकडे पाहिलं. करिश्माला वाटलं असेल की ते लाजले. पण ते तिची परवानगी मागत होते. येऊ का? का नको येऊ? तू म्हणशील तसं. त्यांच्या पापण्यांवर कापूस होता आणि त्यामागून ते वाट पाहत होते, एखाद्या गिऱ्हाइकाने माल पसंत करायची वाट पाहावी तसे, आणि ती नको म्हणाली असती तर काहीतरी निमित्त सांगून त्यांनी हसत हात जोडले असते, आणि ये म्हणाली असती तर मांडवात सगळ्यांसमोर पुन्हा तिचं नाव विचारलं असतं.

"करिश्मा," ती म्हणाली, "हे माझे अब्बा आहेत."

बोलून झाल्यावर काहीतरी सुटेल, छातीतलं, असं तिला वाटलं होतं. तिने अब्बांकडे पाहिलं. काठावर शिट्टी वाजली तेव्हा जे त्यांच्या चेहऱ्यावर आलं नव्हतं ते आता आलं. ते उठून उभे राहिले. पकडले गेल्यासारखे, चप्पल शोधत असल्यासारखे त्यांचे पाय हलले. त्यांनी करिश्मापुढे हात जोडले.

"नाई जी बाई, तिची चुकी नाई. मीच म्हटलं होतं तिले, सांगू नको म्हणून. माह्यंच तसं... तुमी गैर नका मानू."

"अहो काकाजी, गैर काय त्यात," करिश्मा म्हणाली. ती आधी हसली, मग कहकशाँकडे पाहून तिचं हसू अर्ध्यातच राहिलं. ती काही वाईट मुलगी नव्हती. तिने कप खाली ठेवला आणि हळूच, अगदी मैत्रिणीने विचारावं तसं विचारलं, "पण मग त्या दिवशी तू... हार घालताना... बोलली का नाहीस गं?"

मागच्या दाराशी रचलेल्या गोण्या दिसत होत्या. कहकशाँला उत्तर माहीत होतं, ते लांबलचक नव्हतं, आणि ती ते द्यायलाच बसली होती, ओठ विलग झालेही होते, तेवढ्यात अब्बा वळले आणि त्यांनी मशीनचं बटण दाबलं. धडधड सुरू झाली. पत्रे, स्टुलं, कप, सगळं हादरायला लागलं. करिश्माने कानाजवळ हात नेऊन, काय, अशी खूण केली. कहकशाँनेही तशीच खूण केली, ऐकू येत नाही, नंतर सांगते. अब्बा त्यांच्याकडे पाठ करून उभे होते, खाली वाकून, दोन्ही हात मशीनवर ठेवून, फार कामात असल्यासारखे. तो आवाज थांबू नये असं तिला वाटलं. मशीनमध्ये कापूस नव्हता.